ऑफिसातल्या वस्तूंची अन् दुरुस्तीच्या तक्रारींची नोंद तुम्ही कशी ठेवता?

बोंडकपाशी (२५ फेब्रुवारी, रात्री ९:४०)

राम राम मंडळी.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. कंपनी म्हटलं की काचेची इमारत डोळ्यांसमोर आणू नका. टिनाचं गोदाम, त्याला लागून दोन खोल्या, आणि आम्ही नऊ जण. पण परवा सहज सामान मोजायला बसलो तर बोटं पुरेनात. तीन संगणक, दोन प्रिंटर, इन्व्हर्टर, त्याच्या दोन बॅटऱ्या, तीन इलेक्ट्रॉनिक काटे, धान्य साफ करायचं मशीन, पाच कूलर, पंखे, खुर्च्या. कोणती वस्तू कधी घेतली, कधी दुरुस्त झाली, वॉरंटी आहे की गेली, हे कोणालाच सांगता येत नाही.

हे सगळं सुचायचं कारण म्हणजे ओलावा मोजायचं यंत्र. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची अट असते, त्यामुळे माल आणायच्या आधी शेतकरी आमच्याकडे नमुना तपासून घेतात. ऐन हंगामात, दारात गाड्या उभ्या असताना, यंत्र सुरूच होईना. उघडलं तर आतले सेल फुटून पत्र्या हिरव्या पडलेल्या. चौकशीत कळलं की ते पोळ्यापासून बंद आहे. गोदामातल्या काकांनी हिशोबनीसाला सांगितलं होतं, हिशोबनीसाने मला, आणि मी म्हणे "पाठवू" असं म्हटलं होतं. मला काही आठवत नाही. म्हणजे सांगायचं काम सगळ्यांनी केलं होतं.

तर साधी, चालणारी पद्धत सुचवा. अटी तीन: खर्च जवळपास शून्य, गोदामातल्या काकांना (शिक्षण सातवी, चष्मा कायम हरवलेला) वापरता आली पाहिजे, आणि उद्या मी नोकरी सोडली तरी चालू राहिली पाहिजे.

शाईपेन (रात्री ९:५२)

वही. खिळा. सुतळीने बांधलेला पेन. विषय संपला.

खडूफळा (रात्री १०:०५)

@शाईपेन, पेन दुसऱ्या दिवशी जातो, सुतळी राहते. अनुभव आहे.

नमुना_सोळा (रात्री १०:३१)

मी निवृत्त ग्रामसेवक. आयुष्य नोंदवह्यांत गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिली गोष्ट, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून राहिले. "आपल्याकडे काय आहे" ही एक नोंद, आणि "काय बिघडलं" ही दुसरी. ग्रामपंचायतीच्या २०११ च्या लेखा संहितेत, म्हणजे हिशोबाच्या नियमांत, ३३ नमुने आहेत, म्हणजे नोंदवह्यांचे ठरावीक तक्ते. त्यात १५ नंबर उपभोग्य वस्तूंचा, म्हणजे कागद, खडू, बल्ब, जे वापरून संपते ते. १६ नंबर जड वस्तू संग्रह आणि जंगम मालमत्तेचा, म्हणजे टेबल, कपाट, संगणक. लोक हसतात सरकारी कागदांना, पण ही विभागणी ज्याने केली त्याला अक्कल होती. टोनरची नोंद प्रिंटरच्या पानावर केली की वर्षाने दोन्हींचा ताळमेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट, वस्तूवर नंबर पाहिजेच. ऑइलपेंटने, बारक्या ब्रशने, आणि अशा जागी की झाडताना पुसला जाणार नाही. खुर्चीला बसायच्या पाटाखाली, कपाटाला दाराच्या आतून. स्टिकर उन्हाळ्यात सुटतात, डिंक वाळतो. नंबर नसला तर वहीत "पंखा दुरुस्त केला" एवढंच राहते. कोणता पंखा? ऑफिसात सहा आहेत.

माझी एकदा बदली झाली तेव्हा चार्ज घेताना यादीत २२ खुर्च्या होत्या आणि खोलीत १७. आधीचे साहेब म्हणाले, "पाच मंडपवाल्याकडे आहेत, येतील." मी नवा, भिडेखातर सही केली. त्या पाच खुर्च्या पुढे सहा वर्षं माझ्या नावावर होत्या. दरवर्षी लेखापरीक्षणात निघायच्या.

वऱ्हाडी_ठेचा (रात्री १०:४४)

सहा वर्षं उभे राह्यले म्हना गुरुजी 😄

दिग्रस_ते_पुणे (२६ फेब्रुवारी, सकाळी ८:१५)

मी मूळचा दिग्रसचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. एवढ्या छोट्या ऑफिससाठी विकतचं ॲप घेऊ नका, दर महिन्याचे पैसे लागतील आणि पाचपैकी चार सोयी वापरल्या जाणार नाहीत. गुगल फॉर्म करा, चार प्रश्नांचा: वस्तूचा नंबर, काय झालं, काम अडलं आहे का, फोटो. उत्तरं आपोआप शीटमध्ये पडतात, तारीख-वेळ सकट. शीटमध्ये एक रकाना जोडा, आजच्या तारखेतून तक्रारीची तारीख वजा. सात दिवसांवर गेलं की ओळ लाल होईल असं लावता येतं. मग फॉर्मचा क्यूआर कोड छापून प्रत्येक वस्तूवर चिकटवा. मोबाइलने स्कॅन केलं की फॉर्म उघडतो, वस्तूचा नंबर आधीच भरलेला ठेवता येतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे, मी करून देतो, पैसे नकोत.

एक सूचना: फोटोचा प्रश्न ठेवला तर भरणाऱ्याला गुगल खात्याने लॉगिन करावं लागतं. काकांसाठी तो प्रश्न काढून टाका.

वऱ्हाडी_ठेचा (सकाळी ८:३०)

भाऊ, तुमचं सांगनं बराबर हाय, पन आमच्या इकडे रेंज पाह्यले टाकीवर चढा लागते. कूलर खाली बंद पडला अन् तक्रार कराले मानूस टाकीवर. थो खाली येईपर्यंत उन्हाळा संपते.

दिग्रस_ते_पुणे (सकाळी ८:४१)

😂 मान्य. पण दिवसातून एकदा रेंज येत असेल तर एकाच माणसाने वहीतलं शीटमध्ये उतरवायचं, असंही करता येईल.

शाईपेन (सकाळी ८:४३)

म्हणजे वही.

पतपेढीतला (सकाळी ११:२०)

आमच्या पतसंस्थेत पाच शाखा आहेत. आम्ही दोन वर्षं "दुरुस्ती" नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवला. फायदा खोटा नाही, फोटो येतो, ध्वनिसंदेश येतो, लिहिता न येणाराही बोलून तक्रार करतो. पण तक्रार उघडी आहे की मिटली, हे तिथे कळत नाही. सोमवारी कोणी लिहिलं "पासबुक प्रिंटर अडकते", त्याखाली सतरा सुप्रभात, एक वाढदिवस, एका नातेवाइकाच्या तेराव्याची पत्रिका. कोणी अंगठा दाखवला की तक्रार करणाऱ्याला वाटते काम होऊन राहिलं. अंगठा दाखवणाऱ्याला वाटते आपण फक्त वाचलं.

शेवटी आम्ही नियम केला: ग्रुपवर टाका, पण वहीत नंबर पडल्याशिवाय ती तक्रार नाही. आणि तक्रार मिटली असं दुरुस्तीवाल्याने लिहायचं नाही, ज्याने केली त्यानेच सही करायची. हा एक नियम बाकी सगळ्याला भारी पडला. आधी मेकॅनिक येऊन "केलं साहेब" म्हणून चहा पिऊन जायचा, अन् प्रिंटर दुपारी पुन्हा अडकायचा.

झेडपीची_बाई (दुपारी १:५०)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका. जेवणाच्या सुटीत लिहिते आहे, चुका सांभाळून घ्या.

तक्रारवही ठेवाच, पण निम्म्या तक्रारी येऊच नयेत असं करता येतं. कॅलेंडरवर तारखा लिहून पाहिल्या, कोणी पाळल्या नाहीत. मग सणांना कामं बांधून टाकली. सण कोणी विसरत नाही. होळीची राख थंड झाली की कूलर काढायचे, पंपातला क्षार खरवडायचा, ताट्या बदलायच्या. मृगाच्या आधी छपरावर माणूस चढवायचा, पन्हाळीतला पाचोळा काढायचा, वायरिंग पाहायचं. पोळ्याला बैल धुतात तसे आम्ही कूलर धुऊन, वाळवून, पोत्यात बांधून ठेवतो.

आणि खंडेनवमीला मोजणी. त्या दिवशी तसंही संगणकाला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल ठेवलं जातं. आमच्याकडे नियम आहे, ज्या वस्तूला फूल ठेवलं तिच्यासमोर नोंदवहीत बरोबरची खूण करायची. शेवटी ज्या ओळीला खूण नाही ती वस्तू शोधायची. पहिल्या वर्षी हार्मोनियम सापडली नाही. ती भजनी मंडळात तीन वर्षं सुखाने नांदत होती.

नमुना_सोळा (दुपारी २:१०)

बाई, हे तीस वर्षांत मला सुचलं नाही.

आर्वीकर (दुपारी २:४०)

कूलरचा विषय निघालाच आहे तर विचारतो. बोअरच्या पाण्याने पंप महिन्यात जाम होते. काही उपाय?

वऱ्हाडी_ठेचा (दुपारी २:४६)

कूलरले बोअरचं पानी पाजनं सोडा.

आर्वीकर (दुपारी २:४८)

मग काय बिसलेरी पाजू?

झेडपीची_बाई (दुपारी ३:०२)

टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण सोडून द्या. रोज नुसती भर घातली की पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच साचत राहतो. पंप रात्रभर पातळ व्हिनेगरमध्ये ठेवला तर पांढरा थर सुटतो, प्लग काढून अर्थात.

बॅटरीवाला (२७ फेब्रुवारी, रात्री १०:१५)

मी दुरुस्तीवाला. दुकान तालुक्याले, फिरनं साठ-सत्तर खेड्यांत. आतापर्यंत सगळे ऑफिसवाले बोलले, आता मेकॅनिकचं आयका.

लोकं वहीत काय लिहितात? "इन्व्हर्टर बंद." बस. मी पन्नास किलोमीटर गाडी मारून येतो, पाहतो त इन्व्हर्टर चांगला, मेन स्विचचा फ्यूज गेलेला. तक्रार लिहाची त तीन गोष्टी लिहा: आवाज येऊन राह्यला का, लाइट कोनता लागून राह्यला, अन् बंद व्हायच्या आधी काय झालं. "वीज चमकली अन् बंद झालं" एवढं लिहिलं त मी सोबत कोनता पार्ट घ्याचा थे घरूनच ठरवतो.

दुसरं, बॅटरीचं पानी. आपल्या इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. गर्मीत पानी लवकर उडते अन् बॅटरीचं आयुष्यही घटते. उन्हाळ्यात दर महिन्याले पाहा, बाकी दिवसांत दोन-तीन महिन्यांनी. फक्त डिस्टिल्ड वॉटर. काही जन ॲसिड टाकतात, काही फिल्टरचं पानी टाकतात, अन् मंग मले म्हनतात बॅटरी डुप्लिकेट दिली. बॅटरीवर खडूनं नाही, मार्करनं तारीख लिहा, बसवल्याची अन् पानी टाकल्याची. वही शोधाचं काम नाही, बॅटरीच सांगते.

अन् अर्थिंग. काळी माती उन्हाळ्यात फाटते, खड्डा कोरडा पडते, अर्थिंग काम करत नाही. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पानी टाका. पैसे लागत नाहीत, म्हनून कोनी करत नाही.

दिग्रस_ते_पुणे (रात्री १०:४०)

@बॅटरीवाला, ते तीन प्रश्न मी फॉर्ममध्ये घालणार. आमच्या कंपनीत हेच शिकवायला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं.

हिशोबाची_मावशी (२८ फेब्रुवारी, सकाळी १०:०५)

एक्सेलमध्ये यादी करणार असाल तर एक सांगते. मराठी युनिकोडमध्ये टाइप करा. आमच्याकडे आधीच्या क्लार्कने कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आठशे ओळींची यादी केली होती. दुसऱ्या संगणकावर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची उसळ. शोधायला जा, "खुर्ची" सापडेना. आणि नंबर ००७ असा टाकला की एक्सेल त्याचं ७ करते, म्हणून आधी तो रकाना मजकुराचा करून घ्या किंवा नंबरच्या आधी अक्षर लावा.

अजून एक रकाना सगळे विसरतात, दुरुस्तीचा खर्च. आमचा एक प्रिंटर वर्षात पाच वेळा दुरुस्त झाला. प्रत्येक वेळी रक्कम बारीक, म्हणून कोणी काही म्हटलं नाही. बेरीज केली तेव्हा नवीन आला असता.

बोंडकपाशी (२८ फेब्रुवारी, रात्री ९:१०)

बाप रे, एवढा प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काकांना शाईपेन यांची पद्धत वाचून दाखवली, ते म्हणाले "ह्या मानसाले बोलवा."

एक अडचण अजून सांगतो. आम्ही मागे एकदा तक्रारवही केली होती. त्यात अध्यक्षसाहेबांनी स्वतः एक रकाना आखून दिला, "बिघाडास जबाबदार". दोन महिन्यांत वहीत तीनच नोंदी. तिन्हींत जबाबदार कोण? उंदीर.

पतपेढीतला (रात्री ९:२५)

तो रकाना काढा. बाकी काही केलं नाही तरी चालेल, तो काढा.

खडूफळा (रात्री ९:३१)

असहमत. कोणाला जबाबदार धरायचंच नाही तर वस्तू जपेल कोण? आमच्याकडे लॅपटॉपवर चहा सांडला, वहीत लिहिलं "अचानक बंद पडला".

पतपेढीतला (रात्री ९:४४)

@खडूफळा, भाऊ, तुमच्याकडे निदान लिहिलं तरी. जबाबदार विचारलं असतं तर लॅपटॉप कपाटात परत ठेवला गेला असता आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी कळलं असतं. वस्तू कोणाच्या ताब्यात आहे ते नोंदवहीत लिहा, ते रास्तच आहे. पण बिघाड सांगायला येणाऱ्याला आधी गुन्हेगार ठरवलं तर सांगायला येईल कोण?

नमुना_सोळा (रात्री १०:००)

दोघांचंही खरं आहे, पण वही कोणती हे पाहा. ताबा नोंदवहीत, बिघाड तक्रारवहीत. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, दोन वेगळ्या गोष्टी.

आणि बोंडकपाशी, इलेक्ट्रॉनिक काट्यांचं विसरू नका. वैधमापनवाल्यांकडून, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून, त्यांची फेरपडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. काटा बिघडलेला नसतो म्हणून तक्रारवहीत कधी येत नाही, आणि तारीख टळून जाते. अशा तारखांसाठी वहीचं शेवटचं पान राखून ठेवा: काटे, आग विझवायची नळकांडी, विमा, वॉरंट्या.

झेडपीची_बाई (१ मार्च, सकाळी ७:१५)

आणि बिघडलेलं सामान ठेवायची खोली? त्यावर कोणी बोललं नाही. आमच्याकडे एक खोली मेलेल्या संगणकांनी भरली आहे. फेकता येत नाही, कारण नोंदवहीत आहेत. निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे रीतसर नोंदवहीतून कमी होईपर्यंत, त्या खोलीत पोरं बसवता येत नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा (सकाळी ७:२२)

बाई, त्याइले खंडेनवमीले फूल वाहता का नाही?

झेडपीची_बाई (सकाळी ७:४०)

वाहते हो. यादीत आहेत ना.

आर्वीकर (२० जून, रात्री ८:३०)

धागा वर आणतो. बोंडकपाशी, काय केलं शेवटी? माझा पंप व्हिनेगरने सुटला, त्याबद्दल बाईंचे आभार.

बोंडकपाशी (२२ जून, रात्री ९:५५)

मीच लिहिणार होतो. चार महिन्यांचा हिशोब देतो.

आधी नंबर टाकले. क म्हणजे कॉम्प्युटर, ख खुर्ची, पं पंखा, कू कूलर. काकांनी स्वतः ब्रश घेतला, त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे हे तेव्हा कळलं. मोजणीत ६४ वस्तू भरल्या. बिलं होती पण वस्तू नाही अशा तीन. वस्तू आहे पण बिल नाही अशा दोन, त्यातला एक टेबलफॅन कोणाचा आहे हे अजून कळलेलं नाही.

तक्रारवही गोदामाच्या दाराशी टांगली. पेन नाही, पेन्सिल, कारण पेन्सिल कोणी खिशात घालत नाही. रकाने: तारीख, वस्तूचा नंबर, काय झालं, काम अडलं का (असेल तर लाल खूण), काय केलं, खर्च, आणि तक्रार करणाऱ्याची सही. जबाबदारचा रकाना नाही. अध्यक्षसाहेबांनी विचारलं, मी म्हटलं पानावर जागा उरली नाही.

पहिले पंधरा दिवस वही कोरी. मला वाटलं गेलं पाण्यात. मग काकांची पहिली नोंद आली: "ख-७. एक पाय हलते. तीन वेळा सांगतलं." ख-७ माझ्या टेबलासमोरची, शेतकरी येऊन बसतात ती. त्याच दिवशी सुतार बोलावून पाय ठोकून घेतला, काकांनी सही केली, आणि दुसऱ्या दिवसापासून वही भरायला लागली. एका आठवड्यात १९ नोंदी. अर्ध्या तर दोन-दोन वर्षं जुन्या होत्या.

मेकॅनिकचं बॅटरीवाल्या भाऊंनी सांगितलं ते करून पाहिलं. आमच्याकडे गुरुवारी बाजार असतो आणि मेकॅनिक त्या दिवशी गावात येतोच. आता बुधवारी संध्याकाळी वहीच्या पानांचा फोटो त्याला पाठवतो, गुरुवारी तो सगळे पार्ट घेऊन येतो आणि एकाच फेरीत चार-पाच कामं करून जातो. लाल खूण असेल तरच मधल्या वारी फोन. जाण्यायेण्याचे पैसे एकदाच लागतात.

ओलावा यंत्राचे सेल आता हंगाम संपला की काढून डबीत ठेवतो, तसं शेवटच्या पानावर लिहिलं आहे. कूलर होळीला निघाले. मृगाच्या आधी छप्पर पाहायचं राहिलंच, आणि ८ तारखेला प्रिंटरवर टपटप सुरू झाली. प्रिंटर वाचला. नोंद काकांनी केली: "छप्पर. मृगाच्या आधी सांगतलं होतं."

दिग्रसच्या दादांनी शीट करून दिली आहे. महिन्यातून एकदा मी वहीतलं त्यात उतरवतो, खर्चाची बेरीज तिथे दिसते. क्यूआर कोड छापला नाही, दादा, रागावू नका.

दिग्रस_ते_पुणे (रात्री १०:०८)

अजिबात नाही. शीट उघडून पाहतो कधीकधी. "छप्पर" वाचून घरची आठवण आली.

शाईपेन (रात्री १०:१२)

वही. खिळा. *पेन्सिल*. सुधारणा मान्य.

नमुना_सोळा (रात्री १०:३०)

उत्तम. पण त्या टेबलफॅनचं काय केलं? जास्तीची वस्तू निघाली तर तीही जमा दाखवावी लागते. नंबर टाका.

बोंडकपाशी (रात्री १०:३६)

टाकला गुरुजी. पं-९. आता तो बंद पडायची वाट पाहून राहिलो. तक्रार लिहायला जो येईल तोच मालक.